दया पुरे, आता कथा हवी

दोन पुरुषांमधील प्रेमाच्या कादंबऱ्या आमच्याकडील तरुण मुले-मुली आवडीने वाचतात, हे कानी पडताच आमच्या कित्येक सुशिक्षित मित्रांच्या कपाळास आठ्या पडतात. आठ्या पडण्यास आमची हरकत नाही. कपाळ ज्याचे त्याचे आहे. परंतु हीच मंडळी जेव्हा त्या आठ्यांस टीकाशास्त्राचे नाव देऊ लागतात आणि ‘हे वाङ्मय हलके आहे, हे परके आहे, आणि मराठीस याची गरज नाही’ असा तीन कलमी निकाल देऊन मोकळी होतात, तेव्हा ज्यांचा व्यवसायच वाङ्मय शिकविण्याचा आहे, त्यांनी गप्प बसणे बरे दिसत नाही. या तिन्ही कलमांचा आम्ही येथे क्रमाने समाचार घेणार आहोत आणि अखेरीस आमचेही एक मागणे वाचकांपुढे ठेवणार आहोत.

प्रथम वस्तुस्थिती काय आहे ती पाहू. जालना, अंबड, परतूर, भोकरदन या गावांतील महाविद्यालयांत शिकणारा मुलगा किंवा मुलगी आज ग्रंथालयाच्या कपाटावर अवलंबून नाही. त्याचे कपाट त्याच्या खिशात आहे. त्या कपाटात केसी मॅक्विस्टन यांची ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’ ही २०१९ सालची कादंबरी असते. अमेरिकेच्या अध्यक्षपदी असलेल्या बाईचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र यांच्या प्रेमाची ही कथा. अॅलिस ओसमन यांची ‘हार्टस्टॉपर’ ही चित्रकथा असते. तीत दोन इंग्रज शाळकरी मुलांचे हळूहळू उमलणारे प्रेम आहे. मॅडलिन मिलर यांची ‘द साँग ऑफ अकिलीस’ असते. होमरच्या महाकाव्यातील अकिलीस आणि पॅट्रोक्लस यांच्या स्नेहावर रचिलेल्या या कादंबरीस २०१२ साली इंग्लंडातील ऑरेंज पारितोषिक मिळाले. जपानात १९७० नंतरच्या दशकात लेखिकांनी सुरू केलेला चित्रकथांचा एक मोठा प्रवाह आणि अलीकडे चीनमध्ये वाढलेला त्याच जातीचा कादंबऱ्यांचा प्रवाह, हेही भाषांतरांच्या वाटेने येथवर पोचले आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या वाङ्मयाच्या लेखकांत व वाचकांत स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. म्हणजे हा काही मूठभर लोकांचा गुप्त व्यवहार नाही. तुमच्या-आमच्या घरातील कन्या दिवाणखान्यात बसून जे वाचीत आहे, त्याविषयी आपण बोलत आहोत.

आता पहिले कलम: हे वाङ्मय हलके आहे. असे म्हणणाऱ्या गृहस्थांस आम्ही नम्रपणे विचारतो की, आपण स्वतः कोणत्या वाङ्मयावर पोसलेले आहात? ना. सी. फडके यांच्या ‘जादूगार’ आणि ‘दौलत’ या कादंबऱ्यांवर आपल्या आजोबा-आजींची पिढी लुब्ध झाली. चंद्रकांत काकोडकर व बाबा कदम यांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून दिवसाच्या भाड्याने आणून आपल्या आईवडिलांच्या पिढीने दुपारी घालविल्या. त्यांत नायक देखणा असे, नायिका चतुर असे, गैरसमज होत आणि मिटत, आणि शेवटी दोघांचे मीलन होई. त्या कादंबऱ्या थोर होत्या असे कोणी म्हणत नाही. पण त्या वाचल्याने मराठी समाज बुडाला असेही कोणी म्हणत नाही. उलट, आपले मन आपल्या मनासारख्या माणसास देता येते, त्यासाठी घरच्यांशी दोन शब्द बोलावे लागले तर ते बोलता येतात, ही गोष्ट हजारो मध्यमवर्गीय मुलामुलींस प्रथम अशाच कादंबऱ्यांनी सांगितली. हलकेपणा हा दोष मानायचा तर तो सर्वांच्याच माथी मारावा. नायकनायिकेच्या जागी दोन नायक आले की मगच तो दोष दिसू लागतो, तर डोळ्यांची तपासणी करून घेणे इष्ट.

शिवाय सुखान्त कथा नेहमी हलकीच असते, हेही खरे नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली थोरल्या पातीच्या देवास संस्थानात महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस होते. म्हणजे ते एका मराठी घराण्याच्या पदरी होते. त्यापूर्वी काही वर्षे, १९१३-१४ च्या सुमारास, त्यांनी ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहून ठेविली होती. ती प्रसिद्ध झाली १९७१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. सत्तावन्न वर्षे ती पेटीत का पडून राहिली? केवळ विषयामुळे नव्हे. कथेतील दोघे शेवटी एकमेकांचे होतात, हे फॉर्स्टर यांनी हट्टाने राखले होते. आणि त्यांतील एखाद्याने गळफास घेतला असता तर पुस्तक छापणे सोपे गेले असते, हे त्यांस पुरते ठाऊक होते, तसे त्यांनी पुढे लिहिलेही आहे. या उदाहरणाचा अर्थ आमच्या टीकाकारांनी नीट ध्यानात घ्यावा. समाजाला पापी माणसाची कथा चालते, दुःखी माणसाची कथा तर आवडते; जड जाते ते त्याचे सुख. तेव्हा ज्या सुखान्ताला आपण हलका म्हणता, तो लिहिण्यासाठी एका मोठ्या लेखकाला आपल्या हयातीतील प्रसिद्धीवर पाणी सोडावे लागले.

दुसरे कलम: हे परके आहे. हा आक्षेप ऐकला म्हणजे आम्हांस मौज वाटते, कारण तो घेणाऱ्यांस आपल्याच प्रांताचा इतिहास ठाऊक नसतो. जालना तालुका १ मे १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होता. त्या औरंगाबादेत अठराव्या शतकात सिराज औरंगाबादी या नावाचा थोर कवी होऊन गेला. दखनी व उर्दू काव्याच्या इतिहासात वली याच्या मागोमाग त्याचे नाव घेतात. त्याची ‘बोस्तान-ए-खयाल’ ही मसनवी, म्हणजे दीर्घ कथाकाव्य, एका तरुण पुरुषावरील प्रेमाची व त्याच्या विरहाची कहाणी सांगते. गझलेत प्रियकरास पुल्लिंगी क्रियापद वापरण्याची रूढी होती, एवढे सांगून गझलांची वासलात लावता येईल. परंतु ही मसनवी म्हणजे कवीने आपल्याच मनाची केलेली कथा आहे, तिला रूढीच्या पांघरुणाखाली झाकता येत नाही. मराठवाड्याच्या मातीत अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी जे लिहिले गेले, ते आज परदेशांतून आले असे म्हणणे हे अज्ञान आहे.

बरे, धर्मशास्त्राचा आधार घ्यावा, तर मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात द्विजाच्या अशा वर्तनास प्रायश्चित्त सांगितले आहे ते सचैल स्नानाचे. मनुस्मृती आम्हांस प्रमाण नाही, आणि जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारा तो ग्रंथ कोणासच प्रमाण नसावा. परंतु ज्यांस तो प्रमाण वाटतो त्यांनी तरी हे पान उलटून पाहावे आणि त्याच्या शेजारी १८६० सालच्या इंग्रजी अमदानीतील दंडसंहितेचे ३७७ वे कलम ठेवावे. एकीकडे कपड्यांसह आंघोळ. दुसरीकडे जन्मभराच्या शिक्षेची तरतूद. ते इंग्रजी कलम आम्ही स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे जपून ठेविले. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २००९ साली त्याची धार काढली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती परत लावली, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांस त्या कलमातून एकमताने मुक्त केले. आमच्याकडे पूर्वी सुवर्णयुग होते आणि सर्वांस प्रेम करण्याची मोकळीक होती, असा दावा आम्ही करीत नाही; तशी मोकळीक आमच्याकडे स्त्रीपुरुषांसही नव्हती. आमचे म्हणणे इतकेच की, प्रेम आणि तुरुंग यांपैकी बोटीतून आले कोणते, याचा निर्णय पुराव्यावरून करावा.

आता तिसरे कलम, आणि हेच महत्त्वाचे आहे: मराठीस याची गरज नाही. या म्हणण्यास एक सौम्य रूपही आहे. ‘आम्ही काही मागासलेले नाही; हा प्रश्न मराठीने केव्हाच हाताळला आहे,’ असे पुष्कळ उदार मंडळी म्हणतात. हाताळला आहे, हे खरे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. १९३४ सालच्या त्यांच्यावरील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तेव्हा वादाचा विषय होता वाचकांच्या लैंगिक शंकांस दिलेली उत्तरे, आणि त्या शंकांत समलिंगी आकर्षणाविषयीच्याही शंका होत्या. कर्वे खटला हरले. पण मराठी नियतकालिकात हा विषय शास्त्र म्हणून बोलता येतो, हे तेव्हाच ठरून गेले. विजय तेंडुलकर यांनी १९८१ साली ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणून दुसऱ्या स्त्रीवर प्रेम करणारी तरुणी दाखविली. पुण्यातील बिंदुमाधव खिरे यांनी ‘पार्टनर’ लिहिली. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ साली मौज प्रकाशनाने काढली: एकाच घरातील भाऊ आणि बहीण, दोघांचेही मन एकाच बिऱ्हाडकरू तरुणावर जडते, आणि दोघांस सोडून तो निघून जातो. ही कादंबरी आम्हांस फार आवडते. तीत कोठेही विनवणी नाही, व्याख्यान नाही. तनयचे दुःख कोणत्याही प्रेमिकाच्या दुःखाइतकेच सरळ आहे.

परंतु ही नावे मोजून पाहा. शास्त्र झाले, नाटक झाले, एक उत्तम विरहकथा झाली. सुखाने संपणारी, सामान्य माणसांची, आजीने मांडीवर ठेवून वाचावी अशी प्रेमकथा कोठे आहे? ‘कोबाल्ट ब्लू’चा चित्रपट २०२२ साली निघाला तो हिंदी-इंग्रजीत, आणि पुण्यातील ते घर गेले कोचीला. विद्यापीठात शिकविणारे आर. राज राव यांनी २००३ साली ‘द बॉयफ्रेंड’ लिहिली. तीत उच्चवर्णीय पत्रकार आणि दलित तरुण यांचे मुंबईतील नाते आहे, म्हणजे विषय अगदी आपल्या अंगणातला, पण भाषा इंग्रजी. दोन महाराष्ट्रीय पुरुषांनी एकमेकांवर प्रेम करायचे तर त्यांनी आधी इंग्रजी शिकावे, असा काही दंडक आहे काय?

मराठी कादंबरीची ही खोड जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहिला म्हणजे तिच्यावरचा उपायही सापडतो. विधवेचे उदाहरण घ्या. १८५७ साली बाबा पदमनजी यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले, ते विधवांची दशा सांगण्यासाठी. हरिभाऊ आपटे यांनी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो’ चालविली, तेव्हा यमूच्या हालांनी घरोघर डोळे ओले झाले. ते अश्रू वाया गेले नाहीत. पण लक्षात घ्या, १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा समाजाला जे पाहवेना ते विधवेचे दुःख नव्हते. ते तर तो पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला होता. त्याला पाहवेना तो तिचा संसार. पुढे १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आले, आणि शिकलेल्या अविवाहित मुलीलाही मन असते एवढ्याशा गोष्टीवरून केवढे वादळ उठले! १९६२ सालच्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकातील काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा अश्लीलतेच्या आरोपाखाली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९६९ साली निर्दोष ठरली. क्रम नेहमी हाच दिसतो: प्रथम दया, मग दयेस पात्र असलेल्या माणसाने सुख मागताच संताप, आणि कालांतराने ‘यात एवढे काय होते?’ असा प्रश्न. दोन पुरुषांच्या प्रेमाबाबत मराठी वाङ्मय अजून पहिल्या पायरीवर उभे आहे, आणि उदार मंडळी त्या पायरीलाच गाभारा समजून नमस्कार करीत आहेत.

चित्रपटाने मात्र कादंबरीस मागे टाकले आहे. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथाचित्रांच्या विभागातील सर्वोच्च पारितोषिक मिळवून आला. वडील वारले म्हणून मुंबईत राहणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. ‘लग्न केव्हा’ म्हणून भावकी त्यास सतावते. आणि तेथेच शेती करणाऱ्या बाळ्याशी त्याची जुनी ओळख पुन्हा उगवते. निवडुंगाच्या काटेरी बोंडाचा गोड गर, एवढीच काय ती त्यातील उपमा. यात राजपुत्र नाही, विमान नाही, उंची मद्य नाही. चूल आहे, शेरडे आहेत, सुतकाचे नियम आहेत. म्हणजे हे प्रेम मराठी खेड्यात मावते, मराठी बोलीत बोलता येते, हे सिद्ध झाले. आता कादंबरीकारांस सबब उरली नाही.

आणि येथेच आम्ही आमच्या तरुण वाचकांशीही दोन शब्द भांडणार आहोत. तुमच्या आवडीच्या परदेशी कादंबऱ्यांत पुष्कळदा सर्वच सुरेख असते. तेथे नायकास घरभाडे द्यावे लागत नाही. त्याच्या बहिणीचे लग्न अडलेले नसते. जात विचारणारे कोणी नसते. अशा कथेने मनास विसावा मिळतो, तो आम्ही नाकारीत नाही. पण ती वाचून औद्योगिक वसाहतीतील पोलादाच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या तरुणास, किंवा मोसंबीच्या बागेचे कर्ज डोक्यावर असलेल्याच्या मुलास, आपल्या बापाशी काय बोलावे हे समजत नाही. त्यासाठी त्याच बापाच्या भाषेतील कथा हवी. प्रेमाचे मराठी शब्द आपल्यापाशी आहेत. ‘जिवलग’ या शब्दाला तर स्त्री की पुरुष हे विचारावे लागत नाही. नाहीत ती त्या शब्दांत लिहिलेली पुस्तके. ती नसल्यामुळे अशा मुलाला स्वतःविषयी मराठीत जे सापडते ते कोपऱ्यावरची शिवी, कायद्याचे कलम, नाहीतर डॉक्टरांचा सल्ला.

ही उणीव केवळ वाङ्मयाची असती, तर आम्ही इतका शाईचा खर्च केला नसता. तिची किंमत माणसे चुकवितात. आमच्या जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. ‘सावधान’ हा शब्द ऐकताच ते बोहल्यावरून निघून गेले, ही आख्यायिका येथील प्रत्येक पोरास पाठ आहे, आणि त्या निघून जाण्याचा आम्हां सर्वांस अभिमान आहे. समर्थांची गोष्ट वैराग्याची; तिची तुलना आम्ही कोणाशीही करीत नाही. परंतु आपल्या समाजाने लग्न नाकारण्यास सन्मानाची वाट ठेविली ती एवढी एकच, देवाच्या नावाने. ज्याचे मन स्त्रीकडे वळत नाही आणि जो विरागीही नाही, त्यास वाट नाही. त्यास सांगतात, ‘लग्न कर, सारे ठीक होईल.’ मंगलाष्टके होतात, अंतरपाट दूर होतो, आणि त्याच्या पलीकडे उभी असलेली मुलगी, जिला यातले काहीच कोणी सांगितलेले नाही, ती आपले सारे आयुष्य एका गुपिताला हार घालून बसते. संस्कृतीरक्षणाच्या गोष्टी करणाऱ्यांनी या मुलीस उत्तर द्यावे. तिच्या वतीने आजवर किती जण बोलले? दोन पुरुषांच्या प्रेमाची प्रामाणिक मराठी कथा घराघरांत वाचली जाईल, तर तिच्यामुळे वाचेल ती कदाचित हीच मुलगी.

कायद्याने काम झाले, आता कथेची काय जरूर, असेही कोणी म्हणेल. कायद्याने शिक्षा काढून घेतली; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेत ते जुने कलम उरलेलेही नाही. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांस विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला आणि तो विषय विधिमंडळांवर सोपविला. म्हणजे आज ही माणसे गुन्हेगारही नाहीत आणि कुटुंबही नाहीत. जेथे कायदा असा उंबरठ्यावर थबकतो, तेथे घरात प्रथम शिरते ती कथाच. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. त्यानंतर किती दशके त्याला कादंबरीने, नाटकाने, मासिकांतील वादांनी हाताला धरून घरोघर न्यावे लागले, हे मराठी वाचकांस सांगावयास नको.

तेव्हा आमचे मागणे असे आहे. प्रकाशकांनी अशी कादंबरी काढावी, आणि तिच्या पुढे मानसोपचारतज्ज्ञाची प्रस्तावना व पाठीवर ‘ज्वलंत समस्या’ ही चिठ्ठी लावू नये. प्रेमकथा म्हणून काढावी. ग्रंथपालांनी ती उघड्या फळीवर ठेवावी, मागितल्याशिवाय न मिळणाऱ्या कपाटात नव्हे. आईवडिलांनी ती मुलांच्या हातातून हिसकावून घेण्यापूर्वी एकदा स्वतः वाचावी. आणि टीकाकारांनी तिला कसलीही सवलत देऊ नये. पात्रे पोकळ असतील तर पोकळ म्हणावे, भाषा बेगडी असेल तर बेगडी म्हणावे, फडक्यांच्या नायकांस लाविली तीच फूटपट्टी या नायकांसही लावावी. विषयाच्या पुण्याईवर वाईट कादंबरी तरू नये, हे आम्हांस मान्य आहे. चांगली निघाली तर आम्ही वर्गात शिकवू, वाईट निघाली तर याच पानांवर झोडपून काढू. परंतु झोडपण्यापुरती तरी ती आधी मराठीत निघू द्या.